मण्यार, मशीन आणि उसातला बिबट्या

"ओळखलं का? आरं, ओळखलं का मला? मी कोन हाय सांग!"

माझा थोरला भाऊ माझ्या कानात ओरडत होता. आता त्याचं ओरडणं म्हणजे काय, हे देवळाली प्रवरेच्या बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. दादाची उभी हयात साखर कारखान्यात गेली, तीही जिथं ऊस चिरडणारे रूळ गरगरतात त्या जागी. तिथं शेजारच्याकडं तंबाखू मागायची तरी बोंब मारावी लागते. रिटायर होऊन घरी आला, पण रूळ काही त्याच्या कानातून रिटायर झाले नाहीत. तो अंगणात शिंकला की पलीकडच्या वस्तीवरची म्हैस दूध चोरते. असा माणूस नगरच्या दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागात, जिथं मशीनसुद्धा अदबीनं टिंग टिंग करतात, तिथं माझ्या कानाला तोंड लावून ओरडत होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा केव्हापासून बेशुद्ध होता. तोसुद्धा "ओळखलं, ओळखलं" असं पुटपुटला. ही गोष्ट मी रचलेली नाही. फार तर जरा पॉलिश केली असेल.

मी दादाला ओळखलं होतं. तो दारातून आत आला तेव्हाच तंबाखूच्या वासावरून ओळखलं होतं. पण सांगणार कसं? तोंडात नळी, पापण्यांवर चिकटपट्टी आणि अंग म्हणजे भरलेलं पोतं. हात हलेना, पाय हलेना, जीभ तर असून नसल्यासारखी. ज्याचं तोंड बंद करायला गाव तीन पिढ्या झटलं आणि हरलं, त्याला एवढ्याशा जनावरानं गप्प केलं होतं.

जनावर म्हणजे मण्यार.

झालं असं, की मी कांद्याच्या चाळीशेजारी जमिनीवर तरट टाकून झोपलो होतो. मण्यार चावते ती चोरासारखी. ना फुत्कार, ना दुखणं, ना धड खूण. पहाटे पोटात मुरडा आला. आदल्या दिवशी शेजारच्या वस्तीवर बोकडाचं जेवण होतं आणि तिथं मी काय पराक्रम केला होता ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं बायकोनं ओवा पुढं केला आणि म्हणाली, "खा अजून चापून. नळ्या फोडताना आवाज पार रस्त्यापर्यंत येत हुता."

मग मला एकाचे दोन दिसायला लागले. दोन चुली, दोन म्हशी आणि दोन बायका. एकीपुढं ज्याचं कधी चाललं नाही त्याच्यापुढं दोन उभ्या, दोघींच्या हातात ओव्याची वाटी! मी घाबरून म्हणालो, "दादा, मला दोन-दोन दिसतंय, पापण्या उचलंनात." तर दादा म्हणाला, "नाटकं करू नको. मागल्या दिवाळीला तुला चार दिसत हुते."

त्याचं काही चुकलं नाही. मी आयुष्यभर इतक्या गोष्टी सांगितल्या, की खरी एक घडली तर ती मावेल एवढी जागा कुणाच्या कानात शिल्लक नव्हती.

खरं काय ते पहिल्यांदा ओळखलं बायकोनं. मी त्या बोकडाच्या वजनाबद्दल काही तरी सांगत होतो आणि मध्येच थांबलो. वाक्य अर्धं राहिलं. ती वाटी ठेवून ओरडली, "दादा, गाडी काढा! हे बोलायचे थांबले!"

दादानं पिकअप काढली. ती त्यानं राहुरीपर्यंत कशी हाणली ते विचारू नका. रस्त्यातले खड्डे आपोआप बाजूला सरकले असं मी सांगतो, आणि त्यात अजून कुणी चूक काढलेली नाही. राहुरीच्या डॉक्टरनं माझी पापणी वर केली, ती सोडल्याबरोबर पडली. त्यानं एकच विचारलं, "जमिनीवर झोपले होते का?" बस. पुढं सुया, सलाईन, धावपळ आणि तोंडात नळी. नगरपर्यंत अँब्युलन्समध्ये कुणी तरी माझ्या नळीला लावलेली रबरी पिशवी दाबत होतं. दाब, सोड. दाब, सोड. त्या माणसाचा चेहरा मी पाहिला नाही. तो विडी ओढत असावा, मध्येमध्ये खोकत होता, पण पिशवीचा ताल त्यानं एकदाही चुकवला नाही. तो वाटभर माझा श्वास होता. मी त्याला शोधायला नंतर दोनदा गेलो, तर म्हणाले, कोण होता ते आता कसं सांगणार, रोजच कुणी ना कुणी असतो. म्हणून हल्ली रस्त्यात अँब्युलन्स दिसली की मी गाडीतूनच हात जोडतो. त्यात तो असेलही.

तर असा मी नगरला पोचलो आणि मशीनवर पडलो. इथं लोकांचा समज असा, की माणूस बेशुद्ध आहे. माणूस बेशुद्ध नव्हता हो. मण्यार अंग बांधते, कान बांधत नाही. मला सगळं ऐकू येत होतं, आणि ही शिक्षा कुणाला दिली तर मला!

डॉक्टर तरुण होता, पण बोलण्यात ठाम. पहिल्याच दिवशी त्यानं घरच्यांना सांगितलं, "यांना ऐकू येत असणार. विष उतरायला दिवस लागतात, तोवर श्वास मशीन घेईल. यांच्यासमोर जपून बोला."

दादानं एवढंच ऐकलं, की मशीन. आमच्या भागात "मशीनवर ठेवलाय" म्हटलं, की बायका पदर पुढं ओढतात आणि गडी मनातल्या मनात सरपण मोजतात. त्यात डॉक्टरनं बॅटरी मारली तेव्हा माझं बुबुळ जागचं हललं नव्हतं, ते दादानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. बाहेर जाऊन त्यानं गावाला फोन लावला. म्हणजे फोनची तशी गरज नव्हती, दार उघडं असतं तर गावानं तसंच ऐकलं असतं.

गाव आलं. टेम्पो भरून आलं. आमच्याकडं माणूस दवाखान्यात असला आणि भेटायला गेलं नाही, तर पुढं तीन लग्नांत कुणी पंगतीला हात धरून बसवत नाही. आत एकेकालाच सोडायचे. जो येई तो माझ्या कानाशी वाकून तेच विचारी, "ओळखलं का?" हा आमचा नेमच आहे. आजारी माणूस मरणाच्या दारात असला तरी आधी त्यानं ही परीक्षा द्यायची, मग हवं तर मरायचं. मी एकूण एकाला ओळखलं. पास झालो, पण निकाल लावायला तोंड नव्हतं.

मामा आले. माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "लई देवमानूस हुता." हुता! मी मनातल्या मनात ओरडलो, मामा, हाय म्हणा, हाय! पण मामा नाक ओढत गेले.

मग शेतशेजारी आला. त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं असावं, कारण खाटेचा पडदा दोनदा सरकल्याचं ऐकू आलं. मग हळूच म्हणाला, "माफ कर गड्या. मागल्या उन्हाळ्यात तुझ्या पाळीचं पानी मीच माझ्या उसात घेतलं. उंदरानं पाटाचं बारं फोडलं म्हनालो, पन उंदीर न्हवता. आता तू चाललास, मनात ठिवून जाऊ नगस." मी बरा होऊन घरी आलो तेव्हा तो नारळ घेऊन भेटायला आला. मी त्याच्याकडं बघून फक्त म्हणालो, "उंदीर बरे आहेत ना?" तेव्हापासून माझ्या पाळीला पाणी असं येतं, की पाटात मासे उड्या मारतात.

या सगळ्या गोंधळात माझा एक आधार होता. तिथली सिस्टर. ती सोनईकडची, ख्रिस्ती घरातली, वडील शाळेत मास्तर. हे तिनंच मला सांगितलं. होय, मला! त्या खोलीत माझ्याशी बोलणारी तीच. बाकी सगळे माझ्यावर ओरडत होते. ती काही करायच्या आधी सांगायची, "काका, आता कूस बदलते हं." "काका, आता नळीतून कफ ओढणार आहे, जरा घुसमटल्यासारखं होईल, लगेच थांबेन." आणि लगेच थांबायची. डोळ्यांवर पट्टी, त्यामुळं मला दिवस कळेना की रात्र. तर कामावर आली की पहिल्यांदा म्हणायची, "काका, सकाळ झाली. बाहेर छान ऊन पडलंय." मी आयुष्यात शेकडो उन्हं अंगावर घेतली, पण तिच्या तोंडून ऐकलेल्या उन्हाइतकं एकही अंगाला लागलं नाही. हे वाक्य मी फुगवलेलं नाही. फुगवून बघितलं, फुगेना.

आणि मग ती सकाळ आली. ऊन पडल्याचं सिस्टरनं सांगितलं आणि पाठोपाठ दारातून दादाचा आवाज आला. तो बायकोशी हळू बोलत होता, म्हणजे तीन खोल्यांना ऐकू जाईल इतपत.

"हे बघ बाई. त्याच्यात काय राहिलं न्हाई. हवा भरलेली हाय नुसती. आपल्या घरान्यात कुनी परक्या छताखाली गेलं न्हाई. बापाला आपल्या अंगनात नेला, आईला नेली. ह्याला बी नेऊ. टेम्पो सांगितलाय, दुपारी येतोय."

डॉक्टर म्हणाला, "मशीन काढून नेलंत, तर ते अंगणापर्यंत पोचणार नाहीत. हे विष उतरतं. थांबा."

"कधी उतरंल?"

"दिवस सांगता येणार नाही."

"मंग एक तरी खून दाखवा, की तो आत हाय म्हनून. एक खून!"

खूण डॉक्टरच्या हातात नव्हती, माझ्या होती. मी जोर लावला. बैलगाडी चिखलातून काढताना लावतो तसा लावला. करंगळीसुद्धा हलली नाही. दादावर मला राग आला असं तुम्हाला वाटेल. नाही आला. त्याच्या आवाजात रूळ थांबले होते. मला अंगणात न्यायचं म्हणजे त्याच्या लेखी माझ्यासाठी करण्यासारखं उरलेलं शेवटचं काम होतं, आणि ते तो चुकवणार नव्हता. माझ्या प्रेमापोटी तो मला मारायला निघाला होता, आणि मला त्याला "थांब" एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं. जन्मभर बडबडलो आणि एका शब्दाची गरज पडली तेव्हा खिसा रिकामा.

बायको म्हणाली, "दुपारपत्तूर येळ हाय न्हवं? मी बसते त्यांच्यापाशी."

ती आली आणि स्टुलावर बसली. बांगड्यांवरून कळलं. तिनं "ओळखलं का" विचारलं नाही. जरा वेळानं सिस्टरनं विचारलं, "काकू, काका काय करायचे?"

"बोलायचे," बायको म्हणाली.

"म्हणजे काम काय करायचे?"

"तेच सांगते. बोलायचे. शेती मी बघते."

सिस्टर हसली. "काय बोलायचे एवढं?"

"एक का दोन? बिबट्याची गोष्ट तर पार नगरपत्तूर गेली आसंल. तुमी आयकली न्हाई?"

माझे कान टवकारले. टवकारायची सोय नव्हती, पण टवकारले. बिबट्या म्हणजे माझी कमाई! सकाळी उसाला पाणी देत होतो, बायको भाकरी घेऊन बांधावर आलेली, आणि सरीतून बिबट्या निघाला. माझ्या हातात डब्याचं झाकण. ते मी असं वाजवलं, अशी गर्जना केली, की बिबट्यानं मान खाली घातली आणि उलट्या पावली उसात गेला. सुरुवातीला तो कुत्र्याएवढा होता. पण गोष्ट सांभाळली की वाढते. दरसाल हातभर वाढवत मी त्याला बांधापासून बांधापर्यंत आणला होता. अलीकडं तर त्याच्या मागं दोन बछडी पण दिली होती. राजूरच्या बाजारात, जिथं आम्ही बैल बघायला गेलो होतो, तिथं ही गोष्ट ऐकून एका माणसानं मला चहा पाजला होता.

बायको सांगू लागली, "आवं, उसातनं मांजर निघालं. ह्यांनी झाकन टाकलं आन पळाले."

मांजर!

"मांजर?" सिस्टर म्हणाली.

"व्हय. त्ये बी गाभन. पोट लोंबत हुतं बिचारीचं. तिला पळता येईना, पन हे जे पळाले ते थेट वस्तीवर. एक चप्पल सरीत राहिली. ती अजून घावली न्हाई."

आता सांगतो, मला त्या क्षणी विष, मशीन, अंगण, टेम्पो, कशाकशाची आठवण राहिली नाही. अंगात जेवढं म्हणून रक्त होतं ते सगळं एका ठिकाणी गोळा झालं. अगं बये, गाभण मांजर? मी मेल्यावर मागं हीच गोष्ट राहणार? माझ्या तेराव्याला लोक लाडू खात खात चप्पल विचारणार? मी आतून असा उसळलो, असा उसळलो, की खाट छताला लागायला हवी होती.

प्रत्यक्षात उजव्या पायाचा अंगठा हलला. गव्हाच्या दाण्याएवढा.

"काकू, थांबा," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "परत म्हणा."

"काय?"

"तेच. मांजर."

"मांजर," बायको म्हणाली.

अंगठा हलला.

सिस्टर धावली आणि डॉक्टर आला. त्यानं रीतीप्रमाणे सांगितलं, "काका, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा." मी दमलो होतो. काही हललं नाही. बायको म्हणाली, "आसं न्हाई डॉक्टर. मांजर म्हना." आणि तो एवढा शिकलेला माणूस, गळ्यात नळी अडकवलेला, माझ्या पायाशी वाकून अतिशय गंभीरपणे म्हणाला, "मांजर."

हलला!

दादाला आत बोलावलं. तो पायाशी येऊन उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा तो हळू बोलला, खरंच हळू. "आरं... ओळखलं का?"

मी अंगठा हलवला. मांजराशिवाय हलवला. तो भावाचा हक्क होता.

मग दादा जो रडला त्याचं वर्णन मी करत नाही, कारण त्यात वाढवायला जागा नाही. दुपारी माझ्यासाठी आलेला टेम्पो रिकामा कसा पाठवायचा म्हणून वस्तीवर नेऊन त्यात कांदे भरले आणि राहुरीच्या बाजारात नेले. दादा म्हणतो, भाव बरा लागला. मी म्हणतो, लागणारच, कांदे माझ्या जागी बसून गेले होते.

पुढं विष हळूहळू उतरलं. आधी बोटं आली, मग पापण्या. पट्टी काढली तेव्हा सिस्टर पहिल्यांदा दिसली. माझ्या मनात ती थोराड, धिप्पाड बाई होती. बघतो तर चिमणीएवढी पोरगी. एकच दिसली, याचाही आनंद झाला. नळी काढल्यावर घसा फाटका होता. डॉक्टर म्हणाला, "बोलू नका," आणि बायको म्हणाली, "आसंच लिहून द्या डॉक्टर, कायमचं." पण मी बोललोच. पहिला शब्द "पाणी" येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. मी म्हणालो, "बिबट्या."

घरी आल्यावर हंगामाचा पहिला गूळ घेऊन आम्ही नगरला गेलो. डॉक्टरला दिला, सिस्टरला दिला. सिस्टर म्हणाली, "काका, चर्चमध्ये तुमचं नाव घेऊन प्रार्थना केली होती." मी म्हणालो, "पोरी, देवाला माझा आवाज माहीत आहे, त्याला वाटलं असेल थोडे दिवस शांतता बरी. तू मध्ये पडलीस." ती हसली. पण गाडीत बसल्यावर मला काही बोलवेना. दादानं दोनदा मागं वळून बघितलं, मी परत थांबलो की काय म्हणून.

आता मी खाटेवर झोपतो, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून. जमिनीवर पाय टाकायच्या आधी बॅटरी मारतो. आणि सकाळी डोळे उघडले, की कुणी न सांगता मला ऊन दिसतं. ते मी रोज नीट बघून घेतो.

परवा संध्याकाळी बायको अंगणात गवारी मोडत बसली होती. मी खाटेवर. मला भरून आलं. म्हणालो, "ऐक. मी आजवर हे बोललो नाही. तू त्या दिवशी मला ओढून आणलंस. तुला बरोबर ठाऊक होतं, की हा माणूस इंजेक्शननं उठणार नाही, पण ह्याच्या बिबट्याला हात लावला तर सरणावरून उठेल. म्हणून तू मुद्दाम त्याचं मांजर केलंस. असली युक्ती साऱ्या जिल्ह्यात कुणाला सुचली नसती. तुझे उपकार मी सात जन्म फेडीन."

तिनं शेंगेची शीर काढली आणि मान वर न करता म्हणाली, "मांजरच हुतं ते."